दोन्ही डिस्कांना हळद

ये बाप्पा, इकडे जवळ ये. त्या स्टुलावर नको बसू, त्याचा पाय हलतो. इथं खाटेवर बस, असं. आता सांग, तुला किती वेळा सांगायचं? लेकराचे जन्मापासूनचे फोटो एका डिस्कवर, त्या डिस्कची दुसरी कॉपी नाही, आणि ती डिस्क टीव्हीच्या मागं धूळ खात पडलेली. विचारलं की म्हणायचं, "काढून घेऊ ना काकू, दिवाळी होऊ द्या." किती दिवाळ्या झाल्या? डिस्कला काय माहीत तुझी दिवाळी झाली की नाही? ती तिच्या दिवशी थांबते. मग तू रडत येतोस आणि मी चष्मा शोधत बसते.

रागावले नाही मी. थकले आहे, म्हणून आवाज चढतो.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तुमच्या कामाचे अनुभव लिहा, लोकांना आवडेल. मी म्हटलं, लोकांना आवडण्यासारखं यात काय आहे? दिवसभर एक पट्टी पडद्यावर इंच इंच सरकते आणि मी तिच्याकडे बघत बसते. पण लिहायला घेतलं, कारण एक गोष्ट मला छापून सांगायची आहे. ती आहे एका बाईसाठी. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.

इतवारीत भांड्यांच्या गल्लीमागं आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं दुकान. पाटी होती, एका टेम्पोनं मागं घेताना पाडली, मग लावलीच नाही. "डिस्कवाली काकू" विचारलं की हातठेलेवालेसुद्धा आणून सोडतात. हे काम मला कोणी शिकवलं नाही. आमच्या घरी माग होता. बाबा विणायचे, आई कांड्या भरायची, आणि मी गुंता झालेल्या सुताच्या लडी सोडवायची. पुढं टायपिंगच्या क्लासात नोकरी लागली, तिथं टाइपरायटर जाऊन कंप्युटर आले. ते बिघडायचे, आणि दुरुस्तीवाला उद्या-परवा करत चार दिवस यायचा नाही. एक दिवस पेचकस घेतला आणि झाकण उघडलं. आत पाहिलं तर हेही सगळं सूतच. एक टोक इथं, एक टोक तिथं. तेव्हापासून उघडतेच आहे. माझं इंग्रजी सगळं एररचं आहे. पडदा काळा पडून त्यावर पांढऱ्या अक्षरात काही आलं की मला कळतं. नातीच्या शाळेची नोटीस आली की तिला विचारावं लागतं.

हार्ड डिस्क क्लोन करणं म्हणजे काय, ते आधी सांगते. फाइली उचलून दुसरीकडे ठेवणं वेगळं. ते सामान हलवणं झालं. क्लोन म्हणजे अख्खं घर जसंच्या तसं दुसऱ्या जागी उभं करायचं. भिंती, खिळे, खिळ्यावरचं कॅलेंडर, दाराची कडी कोणत्या बाजूला, सगळं. जुनी डिस्क भरली किंवा थकली की गिऱ्हाईक मोठी डिस्क आणतं आणि म्हणतं, "काकू, सगळं जसंच्या तसं यात टाका, पण जागा जास्त झाली पाहिजे." ऐकायला सोपं वाटतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला कापडाचे एक ठोक व्यापारी आहेत. क्लोन करून दिला, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात.

"काकू, तुम्ही तं मले चुना लावला."

"काय झालं गा?"

"डिस्क आणली दुप्पट मोठी. आत पाहतो तं जागा तेवढीच. बाकीची कुठं ठेवली?"

"बरणीत भरून ठेवली, लोणच्यासंगं. बसा आधी."

त्यात त्यांचा दोष नव्हता. क्लोन इतका इमानी असतो की भिंतसुद्धा जुन्या मापावरच बांधतो. नवा प्लॉट मोठा असला तरी घर तेवढंच, आणि पलीकडची जागा मोकळी पडून राहते, दिसत नाही. ती भिंत हाताने सरकवावी लागते. त्यातही कंपनीनं दुरुस्तीसाठी ठेवलेला एक छोटा कप्पा मध्येच ठाण मांडून बसलेला असतो. त्याला उचलून टोकाला न्यायचं, तेव्हा भिंत पुढं सरकते. हे सगळं मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अच्छा. म्हंजे प्लॉट आपलाच होता, सातबाऱ्यावर चढवायचा राहिला होता." तेव्हापासून मी सगळ्यांना असंच सांगते. माझ्यापेक्षा त्यांनाच नीट जमलं.

दुसरे होते हिंगण्याचे. कारखान्यात पत्रा कापायची मशीन, तिला जोडलेला कंप्युटर, त्याची डिस्क बदलायची. क्लोन मी करून दिला. दुपारी फोन आला, "मॅडम, फेल आहे तुमचा क्लोन. मशीन उठतच नाही. दुसरी शिफ्ट उभी आहे." विचारलं, जुनी डिस्क काढली का? म्हणाले, राहू दिली ना सोबत, असू द्या म्हटलं आधाराला. आता दोन्ही डिस्कांवर आतली खूण एकच. जुळ्या पोरांना एका रंगाचे कपडे घालून आजोबांपुढं उभं केलं तर आजोबा कोणाला हाक मारतील? म्हटलं, जुनी काढा, एकटीला सुरू होऊ द्या, मग बघा. फोन चालू होता तोवरच मशीनचा आवाज मला इकडे ऐकू आला. थँक्यू म्हणायचं राहून गेलं त्यांचं.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क बाहेर. असे माझे बरेच नियम आहेत. ते कुठं वाचून केलेले नाहीत. एकेका नियमाच्या मागं एकेक फसलेलं काम आहे.

त्यातला सगळ्यात जुना नियम हळदीचा. क्लोन करताना दोन डिस्क समोर असतात, एक देणारी, एक घेणारी. दिशा उलटी झाली तर संपलं. कोऱ्या डिस्कचं कोरेपण भरलेल्या डिस्कवर चढत जातं. म्हणून देणाऱ्या, म्हणजे जुन्या डिस्कच्या कडेला मी ओल्या हळदीचं बोट लावते. लोक चिकटपट्टी लावतात, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात गरम डिस्कवरून चिकटपट्टी सुटून येते, मार्करची शाई पुसते. हळद जात नाही. हळदवाली डिस्क पहिल्या केबलला, बिनहळदीची दुसऱ्या केबलला, आणि काम नेहमी पहिलीकडून दुसरीकडे. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही. डोळे मिटून करायची मी.

तेच नडलं.

इंदू माझ्या माहेरच्या गल्लीतली. दोघींच्या घरी माग, दोघींच्या ओट्यावर एकच ऊन. तिचे मालक नामदेवराव आधी विणायचे, मग मागाचं काम सुटलं आणि कापडाच्या दुकानात मापारी झाले. पण हात मोकळा राहिना. शेवटची कितीतरी वर्षं त्यांना एकच नाद होता. जुन्या लुगड्यांचे काठ कंप्युटरवर उतरवायचे. ओळखीपाळखीच्या घरांतून, उमरेडपर्यंत जाऊन, पेट्यांतली लुगडी मागून आणायचे. भिंग लावून धागे मोजायचे आणि पडद्यावरच्या बारीक चौकटी भरायचे. एक घर, एक धागा. करवतीच्या दातांसारखा आपल्याकडचा काठ असतो ना, त्याचा एकेक दात असा मोजून काढलेला. काम झालं की लुगडं धुऊन, घडी घालून परत.

एक काठ मात्र लुगड्यावाचून उतरवत होते. इंदूच्या आईचा. ते लुगडं जरीसाठी भांडेवालीनं कधीच नेलं होतं. बदल्यात आलेली परात अजून इंदूच्या घरी आहे. इंदू लहानपणी आईजवळ निजायची तेव्हा तो काठ तिच्या गालाखाली असायचा, बोटांनी चाचपत झोपायची. तेवढ्यावरून ती सांगायची आणि नामदेवराव घरं भरायचे. "इथं किती वं?" "तीन. मग एक सोडून दोन." "आठवून सांग." "आठवूनच सांगून राहिली ना." असं महिनोनमहिने. काठ पुरा व्हायच्या आधी नामदेवराव गेले.

वर्षभर तिनं कंप्युटरला हात लावला नाही. मग एक दिवस लावला तर आतून कट् कट् आवाज. सतरंजीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन माझ्याकडे आणला. सोबत भाच्याकरवी घेतलेली नवी मोठी डिस्क.

"सरू, बाकीचं येवो न येवो. मायचा काठ तेवढा पाहून घे वं. यायनं अर्ध्यात सोडला, पण आहे त्यात."

"सगळंच येईल. बस तू."

"बसत नाही. तू म्हणतं तं येईलच."

नुसत्या फाइली काढून भागणार नव्हतं, कारण ज्या प्रोग्रॅमवर नामदेवराव काम करायचे तो जुना, आता कुठं मिळत नाही, दुसऱ्या मशीनवर चढत नाही. म्हणून क्लोनच हवा होता. तरी पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. 'काठ' नावाचं फोल्डर दिसलं, खूप चित्रं होती, ती सगळी काढून दोन ठिकाणी ठेवली. इंदूच्या आईचा काठ त्यातच असणार, हे मी धरून चालले. उघडून पाहिलं नाही. तिलाही बोलावून विचारलं नाही की आणखी कुठं काही ठेवलंय का.

मग क्लोन लावला. एक तृतीयांशावर येऊन थांबला. केबल बदलली, थांबला. दुसऱ्या ठिकाणी जोडली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, थांबला. दरवेळी त्याच जागी. हे सांगून ठेवते, तुम्हाला उपयोगी पडेल. वेगवेगळ्या जागी अडलं तर केबलवर किंवा विजेवर संशय घ्यायचा. एकाच जागी अडलं तर जखम डिस्कलाच आहे.

माझ्याकडचा नेहमीचा प्रोग्रॅम सभ्य आहे. सुरू करण्याआधी दोनदा विचारतो, ही डिस्क पुसली जाईल, चालेल का? पण जखम दिसली की हात वर करतो. दुसरा आहे तो हट्टी. वाचता येईल तेवढं आधी वाचून घेतो, अडेल ते सोडून पुढं जातो, आणि मग मागं येऊन एकेका अवघड जागेशी झटत बसतो. लहानपणी मी लड अशीच सोडवायची. आधी सुटतं ते सगळं सोडवून घ्यायची, गुंत्याला शेवटी बसायची. या हट्टी प्रोग्रॅमचं एकच आहे, तो विचारत नाही. दोन्ही डिस्कांची नावं आणि मापं पडद्यावर लिहून देतो आणि गप्प राहतो. आपण बटण दाबलं की सुरू.

नवरात्रातल्या अष्टमीला मी नव्या डिस्कवरची अर्धवट कॉपी पुसून ती कोरी करकरीत केली. अर्धवटावर पुन्हा चढवायचं नाही, हीपण माझीच शिस्त. त्या दिवशी आळस केला असता तर जुनीचा पुढचा भाग नवीवर तसाच राहिला असता आणि पुढचं काही झालंच नसतं. नवमीला मशीन चालवायची नाही, पूजा. डिस्का जरा थंड व्हाव्या म्हणून दोन्ही पालथ्या ठेवल्या होत्या, फडक्यानं पुसून. पेचकस, चिमटे, केबली यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. डिस्कांपैकी फक्त जुनीला हळद. पूजेतसुद्धा नियम मोडला नाही मी.

तेवढ्यात इंदू आली, सांभारवडीचा डबा घेऊन. मी आत चहा टाकत होते.

"सरू, झाली का वं पूजा?" तिनं बाहेरून विचारलं.

"झाली, झाली. तू फूल वाहून घे."

तिनं फूल वाहिलं. आणि पाहिलं की एका डिस्कला हळद आहे, दुसरीला नाही. तिला वाटलं, सरूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दिसलं नसेल, बिचारीची पूजा राहिली. तिनं माझ्याच वाटीतली हळद घेतली आणि दुसरीला लावली. माझ्यासारखीच, कडेला, एक बोट. मला काही बोलली नाही. त्यात बोलण्यासारखं काय होतं?

दसऱ्याला अख्खं शहर रस्त्यावर असतं, त्या दिवशी दुकान बंदच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसले. इंदूही आली होती, म्हणाली, माझ्यासमोर लाव. मी हात घातला, हळद दिसली, ती डिस्क पहिल्या केबलला. दुसरी उचलून दुसऱ्या केबलला. तिच्या कडेकडे पाहिलंही नाही. पडद्यावर नावं आली, मापं आली. मी बटण दाबलं.

आणि बघा, किती छान चाललं. कट् कट् नाही, अडणं नाही. मी इंदूला म्हटलं, "पाहिलं? चार दिवस आराम भेटला तं डिस्क कशी गुमान चालून राहिली."

"यायचा जीव आहे त्यात," इंदू म्हणाली.

आम्ही चहा घेतला. माझा संपत आला तेव्हा मी सहज पडद्याकडे पाहिलं. एकूण किती काम आहे, तो आकडा नव्या डिस्कचा होता. मोठ्या डिस्कचा.

कप कुठं ठेवला आठवत नाही. वायर उपटली, ते आठवतं.

इंदूला कळलं काहीतरी झालंय. मी सांगितलं, घाबरू नको, सुरुवातीचा भाग गेला, प्रोग्रॅम गेला, पण काठ मी पहिल्याच दिवशी काढून ठेवले आहेत. ते फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडलं. ती चष्मा लावून पडद्याला नाक लावून बसली. मी एकेक चित्र पुढं सरकवू लागले.

"हा नाही. हा उमरेडच्या बाईचा. हा नाही. हा पण नाही."

शेवटचं चित्र आलं.

"मायचा नाही यात."

"असेलच वं. पुन्हा पाहू."

"नाही सरू. तो यात राहतच नव्हता. तो समोर राहे. कंप्युटर लावला का पहिले तोच दिसे. यायनं समोर ठेवला होता, रोज लागे म्हणून."

समोर, म्हणजे डेस्कटॉपवर. डेस्कटॉपवरचं सगळं डिस्कच्या पहिल्या कप्प्यात असतं. एका चहाएवढ्या वेळात कोरेपण नेमकं तिथूनच फिरून गेलं होतं. सगळे लोक जे सगळ्यात जवळचं असतं ते समोर ठेवतात. मला हे ठाऊक आहे. हजार वेळा पाहिलं आहे.

मी दोन्ही डिस्क सुलट्या केल्या. दोन्हींच्या कडेला हळद.

"ही कोणी लावली?"

"मी लावली ना. नवमीले. हिची राहिली होती."

आणि मी म्हणाले, "हळदीनंच घात केला मग."

इंदूचा कप हातात तसाच राहिला. तिनं आधी डिस्कांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

"म्हंजे माझ्याच हातानं गेला का वं?"

इथं मला बोलायचं होतं. मी बोलले नाही. पडद्याकडे पाहत राहिले, जसं काही तिथं अजून काही काम चालू आहे. तिनं अर्धा चहा तसाच ठेवला, सतरंजीची घडी घातली, काखेत मारली आणि गेली. कंप्युटरचा रिकामा डबा नेलाही नाही.

आता नीट ऐका, कारण हे लिहिण्यासाठी मी बसले आहे. हळदीचा त्यात काही दोष नव्हता. पडद्यावर दोन्ही डिस्कांची मापं लिहून आली होती. देणारी किती मोठी, घेणारी किती मोठी. एक दुसरीच्या तिप्पट. मोतीबिंदूचं निमित्त सांगता येईल, पण अक्षरं ठळक होती आणि ऑपरेशन चांगलं झालं आहे. मी वाचलं नाही, एवढंच. नव्या शिकाऊ माणसानंसुद्धा वाचलं असतं, भीतीनं. हळदीची खूण माझी, माझ्या मनातली; इंदूला ती मी कधी सांगितलीच नव्हती. तिनं ज्याची पूजा राहिली त्याची पूजा केली. फोल्डर उघडून न पाहणारी मी. विचारायचा प्रश्न न विचारणारी मी. आणि तिच्या प्रश्नावर गप्प बसणारी पण मीच. आमच्या धंद्यात चूक झाली की सोपं असतं. म्हणायचं डिस्कच खराब होती, वीज गेली, व्हायरस होता. समोरच्याला काही कळत नाही. त्या दिवशी मी तेही म्हटलं नाही, त्याहून सोपं केलं. तिच्यावर जाऊ दिलं.

त्यानंतर ती लेकीकडे मौद्याला राहायला गेली. फोन केला. मी म्हटलं, "इंदू, तुझी चूक नव्हती, माझी होती."

"तू चांगली आहेस म्हणून म्हणतं. ठेवून दे आता ते. माझ्या हाताले यश नाही."

"अवं, खरं सांगून राहिली मी."

"काय खाल्लं सकाळी?" असं म्हणून विषय बदलला. पुढच्या वेळी लेकीनं उचलला, म्हणाली, आई देवाजवळ बसते पण हळद-कुंकवाच्या कुयरीला हात लावत नाही, मावशी, काहून ते सांगत नाही.

ते ऐकल्यावर मी जुनी डिस्क पुन्हा काढली.

डिस्कचा काही भाग पुसला गेला म्हणजे यादी पुसली जाते. यादीत लिहिलेलं सगळंच पुसलं जातं असं नाही. पहिल्या कप्प्याचा पुढचा तुकडा कोरा झाला होता, मागचा नव्हता. काही त्या मागच्या तुकड्यात पडलेलं असेल तर ते आहे, फक्त त्याला नाव नाही, पत्ता नाही. आधी, या वेळी सुलट्या दिशेनं, मापं तीनदा मोठ्यानं वाचून, जे उरलं ते नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. ती पट्टी कितीतरी दिवस सरकत होती. मग एक प्रोग्रॅम असतो, तो यादी न पाहता चित्रासारखं जे काही दिसेल ते वेचून काढतो. त्यानं हजारो चित्रं वेचली. ना नाव, ना तारीख. अर्धी फाटकी. कोणत्या तरी साइटवरची बारीक बटणं, शुभ सकाळचे गुलाब, कोणाच्या लग्नाची पत्रिका, नामदेवरावांचा डोळ्याच्या डॉक्टरचा कागद, पुन्हा बटणं.

रोज सकाळचं काम उरकलं की दुपारी दोनशे-तीनशे पाहायची. डोळ्यांतून पाणी आलं की बंद. हिवाळा गेला. मुलगा म्हणायचा, आई, सोड, कोण मागून राहिलं तुला? कोणी मागत नव्हतं, हेच तर होतं. कधी कधी मला आठवायचंच नाही मी काय शोधते आहे. नुसता हात चालायचा. मे महिन्यात एका दुपारी कूलर घरघरत होता, अंगाला ओलसर वारा, आणि मी ते चित्र पुढं सरकवूनही टाकलं होतं. दोन चित्रं पुढं गेले आणि थांबले. मागं आले.

करवतीचे दात. त्यांच्या खाली एक बारीक वेल, अशी वेल मी दुसऱ्या कोणत्या काठावर पाहिली नाही. तीन घरं, एक सोडून दोन. वरची पट्टी फाटून तिथं रंगीबेरंगी कचरा भरलेला, पण बाकी चित्र शाबूत. मी मागवाल्याच्या घरची आहे, मला चौकटी वाचता येतात. मी पेन्सिलीनं कागदावर उतरवून घेतलं, मग खात्री झाली. ओरडायला घरात कोणी नव्हतं. मी कूलरमध्ये पाणी ओतलं आणि येऊन पुन्हा पाहिलं. होतं.

इंदू, आता तुझ्याशी बोलते. हा अंक तुझ्या लेकीला मी पोस्टानं पाठवणार आहे, तिला म्हणणार आहे, मोठ्यानं वाचून दाखव. फोनवर सांगितलं की तुला वाटतं मी समजूत काढते. समजूत काढायला कोणी एवढी पानं लिहीत नाही वं. इतवारीतल्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी हे वाचलं तर मला काय म्हणतील, ते ठाऊक असून लिहिलं आहे. तुझ्या हातानं काही गेलं नाही. माझ्या हातानं गेलं, आणि त्यातलं बरंचसं परत आलं आहे.

पण पुरं नाही. वरच्या पट्टीतली घरं फाटली आहेत आणि त्यापुढची नामदेवरावांनी भरलेलीच नव्हती. मी मोजून ठेवली आहेत. ती कशी भरायची, ते कोणत्याच डिस्कवर नाही. ते तुझ्या बोटांत आहे. साध्या चित्राच्या प्रोग्रॅमवर भरता येतात, त्याला जुना प्रोग्रॅम लागत नाही. तू सांग, मी भरते. मी पण विचारीन, किती वं, आठवून सांग. रागावू नको.

ये लवकर. मौद्याहून सकाळच्या बसनं निघालीस तर ऊन चढायच्या आत पोहोचशील, मी स्टँडवर घ्यायला येते. अंक येईपर्यंत दसरा होऊन गेला असेल तर जाऊ दे, मशीनला हळद कोणत्याही दिवशी चालते. तुझी कुयरी घेऊन ये. टेबलावर दोन डिस्क ठेवल्या आहेत, दोन्हींवर तुझ्या आईचा काठ आहे, आणि दोन्हींच्या कडा कोऱ्या आहेत. मी आता पडद्यावरचं वाचूनच बटण दाबते, तेव्हा तू दोन्हींना लाव. आणि त्या दिवशीचा चहा अर्धाच राहिला तुझा. पुन्हा टाकते.